मधला गोंगाट

आक्रा
५ ऑगस्ट १९७४

प्रिय अक्पेनेताई,

आधी बातमी, मग खुशाली. तुझी गोष्ट रेडिओवर लागणार आहे! येत्या रविवारी दुपारी चारला. जुलैत मी यंत्र घेऊन डोरकोपेला आलो होतो आणि तू आंब्याखाली तरसाची गोष्ट सांगितली होतीस, तीच. आईच्या गोष्टी तिच्याबरोबर गेल्या, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत असे. आता छाती फुगवून सांगतो, गेल्या नाहीत, माझ्या बहिणीच्या तोंडी आहेत.

त्या संध्याकाळी तू गोष्ट चांगली लांबवलीस, आणि आमच्याकडे वेळ असतो जेमतेम पंधरा मिनिटांचा. म्हणून थोडी काटछाट केली. आमचे साहेब म्हणाले, बाईंचा आवाज सोन्यासारखा आहे, पण तेवढा मधला गोंगाट काढा. बायकांचं ते ओरडणं, टाळ्या, मधेच उठून गाणं, तुझ्या मैत्रिणीचं, सेफाकोरचं ते किंचाळणं! कात्री घेऊन बसलो आणि सगळं साफ केलं. आता तुझा आवाज असा सलग येतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, तू त्याच्या एकट्याशीच बोलतेयस.

चांगला रेडिओ गावात एकच, आपल्या टोग्बे होटोरांच्या घरी. गावचा राजा म्हटल्यावर एवढं असायचंच. त्यांच्या अंगणात सगळ्यांनी जमा. टोग्बेंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, डोरकोपेचं नाव आता देशभर होणार. सेफाकोरला सांग, रुसू नकोस, पुढच्या वेळी तुझं एक गाणं वेगळं घेईन.

तुझा धाकटा,
गामेली

---

डोरकोपे
२० ऑगस्ट १९७४

चिरंजीव गामेली यास अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व येथे खुशाल असून तुझी खुशाली चिंतितो. तुझा कार्यक्रम सर्वांनी ऐकला. आवाज स्वच्छ येत होता. मात्र गोष्टीचा काही भाग गाळला गेल्यामुळे गावात थोडा गैरसमज झाला आहे. कुंभारणींच्या मातीच्या नदीकाठाबाबत टोग्बेंशी बोलणे चालू आहे. सवडीने खुलासा करावा. पाऊस बेताचा आहे. सेफाकोरची प्रकृती ठीक आहे.

तुझी बहीण,
अक्पेने
(लिहिणार : दोग्बे मास्तर)

---

आक्रा
२ सप्टेंबर १९७४

प्रिय ताई,

तुझं पत्र पावलं. 'थोडा गैरसमज' वाचून हसूच आलं. मी ओळखलं काय झालं असेल ते. गोष्ट दिवसाउजेडी लागली, म्हणून म्हाताऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या ना? दिवसा गोष्ट सांगितली की सांगणाऱ्याची आई आंधळी होते, असं आपल्याला धाकात ठेवायचे. अगं, आई आता कुठली आंधळी व्हायला! त्यांना सांग, रेडिओला दिवस-रात्र सारखीच.

इथे तर नुसतं कौतुक चाललंय. कोण कुठली माणसं पत्रं पाठवतायत. एका शाळेच्या बाईंनी तर लिहिलंय, की इतकी सुबोध गोष्ट मुलांनी पहिल्यांदाच ऐकली. सुबोध! आपल्या आंब्याखाली कोणाला धड ऐकू तरी येतं का?

आणि तुला कळलंच असेल, टोग्बेंनी त्यांच्या काठीवाल्याला, त्यांच्या वतीने बोलणाऱ्या क्लेत्सीला, मुद्दाम माझ्याकडे पाठवलं होतं. टोग्बेंना तुझी गोष्ट फार आवडली म्हणे, एक रीळ संग्रही हवं होतं. मी तिथल्या तिथे प्रत करून दिली, वर चहा पाजला. ज्या माणसाच्या दारात आपल्या बापाला उन्हात ताटकळावं लागायचं, त्याचा माणूस माझ्या ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसला होता. तुला बघायला मिळायला हवं होतं.

मातीचं काय ते बोलणं चालू आहे म्हणतेस, ते निस्तरेलच. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
गामेली

---

डोरकोपे
१९ सप्टेंबर १९७४

गामेली,

हे पत्र मी माझ्या हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आलं तरी वाच. मागचं मास्तरांकडून लिहून घेतलं, तीच चूक झाली. मी बोलत होते आग, आणि तो बाबा लिहीत होता पाणी. मी म्हटलं, "लिहा, भावा, तू माझा गळा कापलास." त्याने लिहिलं, काही भाग गाळला गेला. मी म्हटलं, "लिहा, सेफाकोर माझं तोंड बघत नाही." त्याने लिहिलं, प्रकृती ठीक आहे. तुम्हा शिकलेल्यांना दुसऱ्याच्या तोंडचं कापल्याशिवाय चैनच पडत नाही का रे?

आता ऐक तुझ्या पराक्रमाची कथा.

त्या रविवारी आम्ही सगळ्या बायका नटूनथटून टोग्बेंच्या अंगणात गेलो. सेफाकोरने ठेवणीतलं निळं कापड नेसलं होतं, कारण देशभर तिचं गाणं वाजणार होतं. टोग्बे मधे आरामखुर्चीत. शेजारी तो किनाऱ्याकडचा वीटवाला, ज्याला आमचा नदीकाठ हवाय. जिथली माती आम्ही खणतो, आई खणायची, तिची आई खणायची. त्याला तिथे विटांचा कारखाना टाकायचाय, आणि टोग्बेंनी त्याला आतून शब्द देऊन टाकलाय. जुलैत तू आलास तेव्हा ही कुजबुज चालूच होती. म्हणून तर मी ती गोष्ट काढली! तुला काय वाटलं, तुझ्या यंत्राच्या कौतुकाने सांगितली?

रेडिओ लागला. माझा आवाज आला, "गोष्ट ऐका हो!" अंगणातल्या आम्ही सगळ्या सवयीने ओरडलो, "येऊ दे गोष्ट!" आणि तो डबा थांबलाच नाही. पुढे बोलत सुटला. तरसाने नदीकाठची माती परक्या हत्तीला देऊन टाकली. तरस फार दयाळू होता. सगळ्या प्राण्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून सगळे पोटभर जेवले. झालं, संपली गोष्ट!

अरे मेल्या, हे मी बोलले. पण कसं बोलले? सांगणारीने वाकडं सांगायचं आणि बसलेल्यांनी सरळ करायचं, हे तुला आईच्या मांडीवर शिकवलं नव्हतं? मी म्हणायचं, तरस दयाळू होता. लगेच सेफाकोरने उठायचं, "थांब! त्या दिवशी मी तिथे होते!" मी थांबायचंच. विचारायचंच, "होतीस? मग काय पाहिलंस?" तिने सांगायचं, मी पाहिलं, तरसाच्या घरी नवा पत्रा आला आणि साळू कुंभारणीच्या घरी मडकं घडवायला माती उरली नाही. मग तिने गाणं घालायचं, सगळ्यांनी उचलायचं, आणि मी म्हणायचं, "खरंच, तू तिथे होतीस." तिथे कुठे गोष्ट एक पाऊल पुढे सरकते. त्या संध्याकाळी किती जणी उठल्या होत्या, आठव! शेवटी तरसाला काठावरून हाकललं होतं आम्ही. मी नाही, त्यांनी हाकललं. ते सगळं कापून तू माझं वाकडं तेवढं देशभर वाजवलंस. त्याला गोंगाट म्हणतोस? तोच तर आमचा न्याय होता.

टोग्बेंच्या दरबारात बाईला तोंड नाही, हेही विसरलास? आपण नवऱ्याला सांगायचं, नवऱ्याने क्लेत्सीला, क्लेत्सीने टोग्बेंना, आणि तिथे पोचेपर्यंत आपलं म्हणणं वाटाण्याएवढं होतं. बाईला तोंड आहे ते फक्त गोष्टीत. तिथे कोणीही उठावं, काहीही म्हणावं, आणि त्यावरून कोणाला दरबारात ओढता येत नाही. ज्याला राग येईल त्याने तरसाचं कातडं आपणहून पांघरलं, असं आपल्यात धरतात. म्हणून त्या जुलैत टोग्बे ओठ चावत हसत बसले होते. तू समोरच होतास.

रेडिओ बंद झाला आणि क्लेत्सी काठी आपटून म्हणाला, "ऐकलंत? कुंभारणींची सगळ्यात जुनी बाई काय म्हणते? माती दिली, सगळे पोटभर जेवले. मग आता कुरकुर कसली?" वीटवाल्याने टाळ्या वाजवल्या. मी तोंड उघडलं, तर क्लेत्सी म्हणतो, "बाई, तुम्ही बोलून चुकलात, तेही देशासमोर." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला रे!

आणि सेफाकोर. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिच्या तोंडातला घास काढला. म्हणाली, "भावाला सांगून मला पुसून टाकलंस ना? तुला किती दिलं त्यांनी?" आम्ही दोघी एका दिवशी माती मळायला शिकलो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक गोष्टीत पहिली उठली ती हीच. आता मी काठावर गेले की ती टोपली उचलून चालू लागते. बाकीच्याही तिच्यामागे. आंब्याखाली त्या दिवसापासून कोणी बसलेलं नाही.

आणि तू वर त्या क्लेत्सीला रीळ देऊन चहा पाजतोस! काय मती फिरली होती? जिल्ह्याच्या साहेबासमोर सुनावणी लागणार आहे. तिथे हे लोक तुझं तेच रीळ वाजवणार.

आता एकच काम कर. ते कापलेले तुकडे असतील तिथून गोळा कर आणि पाठव. सगळेच्या सगळे. तू किती हुशार ते मागाहून बघू.

अक्पेने

---

आक्रा
१ ऑक्टोबर १९७४

ताई,

इतकं घालूनपाडून बोलायला मी काही सेफाकोरचा नवरा नाही. माझंही ऐक.

तुकडे नाहीत. इथे रिळांचा तुटवडा आहे, कापलेलं ते जोडून पुन्हा वापरतात. तुझ्या बायकांच्या आवाजावर आता बहुतेक फुटबॉलचा सामना बसला असेल. मी काय करू? इथे माझं स्वतःचं काही नाही, खुर्चीसुद्धा नाही.

आणि मला मूर्ख समजू नकोस. तू लिहितेस, आईच्या मांडीवर काय शिकलास. सगळं शिकलो. सेफाकोर काय गात होती, नवा पत्रा कोणाच्या घरावर चढला, साळू कोण, हत्ती कोण, मला एकूण एक कळलं. म्हणून तर कापलं! ते जसंच्या तसं वाजलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार केलास? आंब्याखाली तुम्हाला कोणी हात लावत नाही. पण आक्र्यात ऐकणाऱ्यांना तुमचा तो नियम ठाऊक नाही. इथे राजाची टिंगल म्हणजे टिंगलच. साहेबांनी मला खोलीत बोलावून विचारलं होतं, "यात कोणा खऱ्या माणसावर काही नाही ना?" मी म्हटलं, नाही, जनावरांची गोष्ट आहे. मग मी ती नुसती जनावरांची करून टाकली. तुला वाचवलं, सेफाकोरला वाचवलं. तिला पोलिसांनी नेलं असतं तर तिचं ते निळं कापड कोणी सांभाळलं असतं?

तुम्ही गावात बसून शूर होता. मी इथे रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडाकडे बघून जगतो. वर्षानुवर्षं कोणी विचारलं नाही, गामेली, तू जेवलास का. पण एक कार्यक्रम केला तर लगेच गळा कापला!

मला यात ओढू नकोस. मातीचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

गामेली

---

डोरकोपे
१२ ऑक्टोबर १९७४

गामेली,

म्हणजे तुला कळलं होतं.

मी आपली रोज मनाशी म्हणत होते, शहरात राहून पोरगा विसरला असेल, कान बुजले असतील. सेफाकोरच्या दारात जाऊन तुझ्या वतीने हात जोडले, म्हटलं, "त्याला समजलं नाही गं, अजाण आहे तो." आणि तू कळून सवरून कापलंस! मग मला पत्रात गोंगाट म्हणून सांगितलंस, कौतुकाच्या गप्पा मारल्यास, रीळही त्यांच्या हातात दिलंस. अजाण मीच निघाले.

वाचवलं म्हणतोस. मला विचारलं होतंस? मी त्या वयाची आहे, की कोणाची भीती घ्यायची आणि कोणाची नाही हे माझं मी ठरवते. तू तुझी खुर्ची वाचवलीस, जी तुझ्याच म्हणण्याप्रमाणे तुझी नाहीसुद्धा.

सुनावणी आठ नोव्हेंबरला आहे, टोग्बेंच्याच अंगणात. तू ये. साहेबासमोर उभा राहा आणि एवढंच सांग, की गोष्ट याहून मोठी होती आणि ती मी कापली. तू पुरुष आहेस, शिकलेला आहेस, तुला तिथे बोलू देतील. दुसरं काही मागत नाही. जेवलास का, हे आल्यावर विचारीन.

अक्पेने

---

आक्रा
२४ ऑक्टोबर १९७४

ताई,

रजा मिळत नाही. वर्षअखेरीची कामं आहेत. शिवाय ऑफिसातल्या माणसाने असं जाहीर सांगणं नियमात बसत नाही, मी एकाला विचारून पाहिलं. तू जिल्ह्याच्या साहेबांना नीट समजावून सांग. ते समंजस असतात.

सोबत अंगाला लावायचं तेल आणि दोन साबण पाठवतोय. लॉरीवाल्याकडून घे.

गामेली

---

आक्रा
२० नोव्हेंबर १९७४

ताई,

आठ तारीख उलटून गेली. तू लिहीत नाहीस. लॉरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणतो, "तुमच्या गावात गंमतच झाली म्हणे," आणि दात काढतो, पुढे बोलत नाही. वर तेल-साबण परत आणून दिले.

काय झालं? कोणाला काही केलं तर नाही ना? नाताळात मी चार दिवस येऊ शकेन. येऊ का?

गामेली

---

डोरकोपे
३० नोव्हेंबर १९७४

गामेली,

विचारतोस म्हणून सांगते.

आठ तारखेला अंगण माणसांनी भरलं होतं. साहेब टेबलामागे. तो इकडचाच, आपली भाषा बोलणारा, पण शाळेत वाढलेला. टोग्बे छत्रीखाली, क्लेत्सी काठी घेऊन, वीटवाला चकचकीत बुटांत. आम्ही बायका भिंतीकडेला खाली, आणि त्यातही मी एका टोकाला एकटी. सेफाकोर दुसऱ्या टोकाला. तुझी वाट मी शेवटपर्यंत पाहिली, हे कबूल करते. प्रत्येक लॉरीचा आवाज आला की मान वर करत होते. वेड्यासारखी.

क्लेत्सीने आधी लांबलचक सांगितलं, की टोग्बे गावाचे बाप आहेत, विटांच्या कारखान्याने गावाचं भलं होणार, आणि कुंभारणींचीही ना नाही. साहेबाने विचारलं, "ना नाही कशावरून?" मग वीटवाल्याने यंत्र टेबलावर ठेवलं आणि तुझं रीळ लावलं.

"गोष्ट ऐका हो!" माझाच आवाज.

आणि अंगणात कोणी हूं की चूं केलं नाही. गामेली, माझ्या हाकेला आजवर 'येऊ दे' आलं नाही असं कधी झालं नव्हतं. भांडण चालू असताना आलंय, घरात सुतक असताना आलंय, अंगावर पिणारी पोरं तोंड सोडून ओरडलीयत. त्या दिवशी सगळ्या बायका मान खाली घालून नखं बघत बसल्या. त्यांना वाटलं, ही विकली गेलेली हाक आहे. यंत्राला काय त्याचं! ते पुढे बोलत राहिलं. तरस दयाळू होता. सगळ्यांनी मान डोलावली. आणि टोग्बे बघ, मान डोलवत होते.

मला वाटलं होतं, मी रडेन. पण आग अशी मस्तकात गेली, की मला माझाच आवाज सहन होईना. काय लाडिक बोलत होती ती बाई! आपल्या घराण्यात सांगणारीने स्वतःची गोष्ट कधी मोडलेली नाही. आई तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा तिने वाकडं वाकडंच ठेवलं, सरळ करायला दुसऱ्याची वाट पाहिली. मी कोणाची वाट पाहणार होते? तुझी पाहून झाली होती.

मी उठले. ओरडले, "थांब! त्या दिवशी मी तिथे होते!"

क्लेत्सीने काठी आपटली, "बाई, खाली बसा." यंत्र काही थांबलं नाही. कसं थांबणार? विचारायचं कसं, हे त्याला कुठे माहीत! मग मी त्याच्यावरच ओरडायला लागले. ते म्हणे, सगळे पोटभर जेवले. मी म्हटलं, "खोटारडे, कोण जेवलं? मी पाहिलं, मी तिथे होते, साळूच्या चुलीवर मडकं नव्हतं!" ते म्हणे, तरस थोर. मी म्हटलं, "थोर कसला, रात्रीतून सौदा करणारा!" दोन अक्पेने एकमेकींवर खेकसतायत आणि मधे साहेब, एकदा हिच्याकडे बघतो, एकदा त्या डब्याकडे. मागे पोरं फिदीफिदी हसायला लागली. माझी काय शोभा झाली असेल ते तूच समज. माझा घसा बसला. मला वाटलं, झालं, आता हे मला वेडी म्हणून बाहेर काढणार.

तेवढ्यात भिंतीच्या त्या टोकाकडून आवाज आला, "येऊ दे गोष्ट!"

सेफाकोर. मघाशी द्यायचं राहिलेलं उत्तर तिने तेव्हा दिलं. मग पदर खोचून उठली आणि म्हणाली, "मीही तिथे होते." मी विचारलं, "होतीस? काय पाहिलंस?" तिने सांगायला सुरुवात केली आणि मग दुसरी उठली, तिसरी उठली, म्हाताऱ्या उठल्या. यंत्र कुठे चाललंय हे कोणाला ऐकूही येईना.

क्लेत्सी साहेबाला म्हणाला, "या बायकांना इथे बोलायची परवानगी नाही." साहेबाने टोग्बेंच्या थोरल्या काकांना विचारलं, "आजोबा, रीत काय आहे?" म्हातारा टोग्बेंच्याच घरचा. त्याने एकदा टोग्बेंकडे पाहिलं. मग म्हणाला, "दरबारात बाईने बोलायचं नाही, हे खरं. पण गोष्ट सुरू झाली की कोणीही बोलावं. आणि गोष्ट बायकांनी सुरू केलेली नाही. ती आमच्या बाजूने सुरू केली, त्या यंत्रातून."

साहेबाने क्लेत्सीला हाताने खाली बसवलं आणि आम्हाला म्हणाला, "पुढे."

मग सगळं निघालं. काठ कोणी मोजला, वीटवाला कोणाच्या परसात उतरला, कोणाच्या घरावर पत्रे आले. सगळं तरसाच्या नावाने, हत्तीच्या नावाने. एकीनेही टोग्बेंकडे बोट केलं नाही, त्यांचं नाव घेतलं नाही. आणि टोग्बे, जे चारचौघांत कधी स्वतःच्या तोंडाने बोलत नाहीत, ते छत्रीखालून ताडकन उठले आणि ओरडले, "ते पत्रे माझ्या बायकोच्या माहेरचे आहेत!"

तरसाचं कातडं त्यांनी आपल्या हाताने पांघरलं! काकांनी कापडाचं टोक तोंडावर ओढून घेतलं. क्लेत्सीच्या हातातली काठी खाली आली ती आलीच. साहेबाने मान न उचलता बराच वेळ लिहिलं, आणि उठताना सांगितलं, की काठ बायकांचा, आणि बायकांना पुढ्यात बसवून विचारल्याखेरीज तो कोणाला देता येणार नाही. वीटवाला त्याच संध्याकाळी गेला. टोग्बे तेव्हापासून घराबाहेर दिसलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी काठावर खणत होते तेव्हा सेफाकोर आली आणि शेजारी बसून खणायला लागली. तिची टोपली भरली. मग म्हणाली, "तुझ्या भावाला अक्कल वाटली तेव्हा तो लघवीला गेला होता का गं?" मी हसले नाही. मला सांगावं लागलं, की अक्कल होती, कमी पडलं ते दुसरंच काहीतरी. तिने माझी टोपली उचलायला हात दिला, आणि तेच मला जास्त लागलं.

तुला वाटत असेल, शेवट गोड झाला, आता ताई निवळेल. मी निवळलेले नाही. स्वतःची गोष्ट मोडणारी आपल्या घराण्यातली पहिली बाई मी ठरले. परवा आंब्याखाली पुन्हा बसलो तेव्हा वाकडं सांगताना माझी जीभ चाचरली. वाटलं, कोणी उठलंच नाही तर? हे भय मला आधी ठाऊक नव्हतं. ते तू दिलंस. तेल-साबणाने ते जात नाही, म्हणून परत केले.

येऊ का विचारतोस. ये. हे तुझं घर आहे, आणि जेवायला घालणार नाही एवढी मी कठोर नाही. मक्याच्या पिठाचं आक्प्ले करीन, भेंडीचा रस्सा करीन, धुरावलेली मासळी घालून. टोमणा मारणार नाही. संध्याकाळी आंब्याखाली चटई टाकीन, सगळ्यांबरोबर बस, पोटभर ऐक. पण मधेच उठून 'त्या दिवशी मी तिथे होतो' असं म्हणालास, तर मी गोष्ट थांबवणार नाही. पुढेच सांगत राहीन.

अक्पेने